कुत्र्याच्या पिल्लाला पार्वो झालाय आणि खर्चाची धास्ती वाटतेय? मग पैशाचं आधी बोला

"डॉक्टर, पिल्लू उलट्या करतंय, साधारण किती खर्च येईल?" असा फोन आमच्या साताऱ्यातल्या दवाखान्यात जवळपास रोज येतो. शाहूपुरीतून, कोडोलीतून, कधी पार मेढ्याहून. फोनवर आम्ही आकडा सांगत नाही, म्हणून काही जण चिडतात. "आधी आणा तर खरं" म्हणत आम्ही गिऱ्हाईक ओढतो, असंही कानावर आलंय. म्हणून एकदाचं लिहूनच काढलं.

आकडा न सांगण्याचं कारण साधं आहे. दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू जंतांमुळेही उलटी करतं, चपलेचा पट्टा गिळूनही करतं आणि पार्वो, म्हणजे विषाणूमुळे होणारा आतड्याचा गंभीर आजार, झाला तरी करतं. पहिल्याचं काम शे-दीडशेच्या औषधात भागतं, दुसऱ्याला ऑपरेशनही लागू शकतं आणि तिसऱ्याला पाच-सात दिवस द्यावे लागतात. यातलं नेमकं काय आहे, हे फोनवरून कळत नाही. शीच्या नमुन्यावर पार्वोची किट लावली की दहा-पंधरा मिनिटांत बरंचसं स्पष्ट होतं. किटचे आम्ही ६०० रुपये घेतो. ती लावल्यावर मात्र खर्चाचा अंदाज कागदावर लिहून देतो, आणि तो वाढणार असेल तर आधी विचारतो.

पार्वोचा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला, तेव्हापासून तो कुठे गेलेला नाही. आतड्याचं अस्तर जिथे नव्याने तयार होतं, नेमक्या तिथल्या पेशी तो मारतो, शिवाय रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटवतो. अस्तर गेल्यामुळे पाणी धरून ठेवता येत नाही, आणि आतड्यातले जंतू थेट रक्तात शिरतात. विषाणूला थेट मारणारं औषध आपल्याकडच्या दवाखान्यांत मिळत नाही. पिल्लाचं शरीर स्वतः लढायला उठेपर्यंत त्याचं पाणी, क्षार आणि साखर सांभाळायची, उलटी थांबवायची, जंतुसंसर्ग रोखायचा, एवढंच आपल्या हातात असतं. बिलातला मोठा भाग याच सांभाळण्याचा असतो. सलाईनची बाटली महाग नसते. तीन किलोच्या पिल्लाच्या पुढच्या पायात सुई लावून ती तासन्‌तास चालू ठेवायची, पिल्लाने पट्टी कुरतडली की पुन्हा बांधायची, अंगाखालची चादर दिवसात दहादा बदलायची, याला माणूस लागतो.

आता मुख्य मुद्दा. गिऱ्हाइकांची सगळ्यात महागात पडणारी चूक एकच: "आज एक इंजेक्शन मारा, उद्या बघू."

यात निष्काळजीपणा क्वचितच असतो. खिशात दीड हजार असतात आणि ते सांगायची लाज वाटते. मग आम्ही पाच दिवसांचं सांगितलं की मान डोलावली जाते, पहिल्या दिवसाचं सलाईन आणि उलटीचं इंजेक्शन होतं आणि पिल्लू घरी जातं. संध्याकाळी उलटी थांबलेली असते, शेपूट हलते, घरात सगळ्यांना हायसं वाटतं. दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही. फोन केला तर "बरंय आता, डॉक्टर". पण थांबलेली असते ती उलटी, आजार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेच पिल्लू टॉवेलात गुंडाळून आणलं जातं. हिरड्या पांढऱ्याफटक, अंग गार, शीर सापडत नाही, साखर उतरलेली. मग आधी नुसती शीर मिळवण्यातच तास जातो, साखर चढवावी लागते, रात्रभर ठेवावं लागतं, कधी रक्त द्यावं लागतं. सलग उपचारात जेवढे गेले असते त्याच्या दुप्पट पैसे जातात आणि पिल्लू वाचण्याची आशा मात्र कमी झालेली असते.

म्हणून टेबलापाशी आल्या आल्या सांगा: "माझ्याकडे एवढेच आहेत." आम्ही तोंड वाकडं करणार नाही. आकडा आधी कळला की आम्ही त्यात बसणारा उपचार आखू शकतो. मधेच कळला तर काही करता येत नाही.

आमच्याकडे पार्वोचं पिल्लू वेगळ्या खोलीत दाखल करून घेण्याचे दिवसाला साधारण १,५०० ते १,८०० रुपये होतात. हा सगळ्यात चांगला मार्ग. दुसरा, सकाळी आणून सोडायचं आणि संध्याकाळी घरी न्यायचं. हा ९०० च्या आसपास पडतो. तिसरा अगदीच ओढाताण असेल तर. पहिल्या दिवशी शिरेतून भरपूर सलाईन देऊन पिल्लू सावरायचं, पुढे उलटीचं इंजेक्शन आणि कातडीखालून सलाईन. ते घरी कसं द्यायचं हे आम्ही दोनदा हात धरून शिकवतो. हा मार्ग आम्ही मनाने काढलेला नाही. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत ४० पिल्लांवर अशी तुलना झाली होती. पूर्ण दाखल पद्धतीने २० पैकी १८ वाचली, आधी सावरून मग घरच्यासारख्या उपचारावर ठेवलेल्या २० पैकी १६. फरक आहे, पण "काहीच परवडत नाही" म्हणून घरी नेण्यापेक्षा हे कितीतरी बरं. अट एवढीच, की घरात कुणीतरी दिवसातून तीनदा पिल्लापाशी बसणारं हवं. दोघेही एमआयडीसीत शिफ्टला जात असाल तर हा मार्ग निवडू नका.

शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. तिथे फी खासगीपेक्षा कमी असते. हे सांगून आमचंच नुकसान होतं असं आमचा कंपाउंडर म्हणतो, पण खरं ते सांगायला हवं. फक्त मलूल पिल्लू तसंच गाडीत घालून खंबाटकीच्या बोगद्यापलीकडे नेऊ नका. आधी जवळ कुठेही सलाईन लावून घ्या, मग निघा.

दाखल करताना आम्ही २,००० रुपये आगाऊ घेतो. काही जण पिल्लू ठेवून गेले ते फोन उचलेनात, म्हणून हा नियम केला. उरलेली रक्कम तीन हप्त्यांत चालते, गूगल पे वरही चालते. मात्र हप्त्यांचं पहिल्या दिवशी बोला, डिस्चार्जच्या वेळी नको. कुत्र्यांचा विमा मिळतो, पण आजार सुरू झाल्यावर काढलेला विमा त्या आजाराला उपयोगी पडत नाही.

वेळ जातो तो आणखी एका गोष्टीत. "काल कंदी पेढा दिला होता, तोच बाधला असेल." सातारकरांच्या घरात पेढा असतोच, त्यामुळे हे कारण कायम हाताशी असतं. मग दही-भात, मग ताक, मग मेडिकलमधून माणसांची जुलाबाची गोळी. पोटात टिकतच नसेल तर गोळीचा उपयोग काय? आणि आयबुप्रोफेनसारखी तापाची-दुखण्याची गोळी तर पिल्लाला विषासमान. त्यापेक्षा वरचा ओठ उचला, हिरडी बोटाने दाबून सोडा. दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, ती लगेच बसली पाहिजे. यातलं एक जरी चुकलं, किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर रात्र काढू नका. दोन्ही ठीक दिसलं तरी उलट्या चालू असतील तर त्याच दिवशी दाखवा.

लसीबद्दल थोडक्यात. सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण सुरुवातीच्या लसीला निकामी करू शकतं, म्हणून एका डोसवर भागत नाही. पिल्लू विकणारा "सगळं झालंय" म्हणाला तरी कार्डवर तारीख आणि बाटलीचं स्टिकर बघा. आमचं चार भेटींचं पॅकेज जंताचं औषध आणि रेबीजची लस धरून २,८०० रुपयांचं आहे. पार्वोचं पिल्लू दोन दिवस दाखल ठेवण्याच्या बिलाहून कमी.

घरात एकदा पार्वो झाला असेल तर फिनेलच्या भरवशावर राहू नका. हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. आधी घाण पुसून घ्या, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं राहू द्या. पुढचं पिल्लू पूर्ण लसीकरण झालेलंच आणा. माणसांना हा आजार होत नाही, तेव्हा मुलांना पिल्लाजवळ जाऊ द्या, फक्त हात धुवायला लावा.

येताना लसीचं कार्ड आणि प्लास्टिकच्या पिशवीत थोडी शी आणा. दवाखान्याबाहेर आलात की गाडीतूनच फोन करा आणि पिल्लू आत जमिनीवर ठेवू नका. बाकावर लसीसाठी आलेली छोटी पिल्लं बसलेली असतात. आम्ही मागच्या दाराने घेतो. वेळ सकाळी ९ ते १, संध्याकाळी ५ ते ९. दाखल पिल्लांसाठी रविवारीही माणूस असतो.