बिग टेनचं बोलावणं आणि 'एएयू'ची अट

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: 'एएयू' या संशोधन-विद्यापीठांच्या संघटनेचं सदस्यत्व नसेल, तर बिग टेन या विद्यापीठांच्या क्रीडा-गटाचं दार बंद. असा नियम नाही. नोट्र डेम विद्यापीठ २०२३ पर्यंत एएयूत नव्हतं, तरी बिग टेननं १९९९ च्या सुमारास त्याच्याशी बोलणी केलीच. नकार आला तो नोट्र डेमकडून. नेब्रास्का विद्यापीठाचं एएयू-सदस्यत्व तर २०११ मध्ये, बिग टेनमध्ये दाखल व्हायच्या जेमतेम दोन महिने आधी गेलं. जागा मात्र शाबूत राहिली.

उलट स्टॅनफर्ड आणि बर्कली, एएयूची १९०० पासूनची संस्थापक मंडळी, २०२३ मध्ये बिग टेनच्या बोलावण्यासाठी ताटकळत राहिली आणि शेवटी एसीसी या दुसऱ्या क्रीडा-गटात गेली. बोलावणं आलं ऑरेगन नि वॉशिंग्टनला. तीही एएयूत आहेत, म्हणूनच हा समज टिकून आहे. पण पारडं जड झालं ते प्रसारण हक्कांच्या पैशानं.