दिनाँ

बेल्जियमच्या वालोनिया या फ्रेंचभाषक भागातील, नामूर प्रांतातले म्यूज नदीकाठचे छोटे शहर. लोकसंख्या सुमारे साडेतेरा हजार. प्रांताची राजधानी नामूर ही दिनाँच्या उत्तरेला आहे आणि दक्षिणेला थोड्याच अंतरावर फ्रान्सची हद्द लागते.

दिनाँचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी जागा पाहावी लागते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला सुमारे १०० मीटर उंचीचा चुनखडीचा उभा कडा आणि या दोहोंच्या बेचक्यात चिंचोळी पट्टी. जुने गाव त्या पट्टीवर आहे. घरे एकमेकांना खेटून, तोंडे नदीकडे करून उभी आहेत. गाव लांबत गेले, पण त्याला रुंदावायला जागा नव्हती. कड्यावर किल्ला, त्याच्या अगदी पायथ्याशी नोत्र-दाम चर्च आणि चर्चपुढे पूल. या भागात नदी ओलांडू पाहणाऱ्या सैन्यांच्या दृष्टीने ही जागा मोक्याची होती. गावाची भरभराट याच जागेमुळे झाली आणि वाताहतही. कड्याने स्वतःही एकदा घाला घातला: १२२७ मध्ये दरड कोसळून जुने चर्च उद्ध्वस्त झाले. आजचे गॉथिक शैलीचे चर्च त्यानंतरचे, आणि त्यावरचा कांद्याच्या आकाराचा काळसर घुमट सोळाव्या शतकातला.

मध्ययुगात दिनाँ लिएजच्या राजबिशपांच्या, म्हणजे राज्यही करणाऱ्या बिशपांच्या, सत्तेखाली होते आणि त्याचे नाव युरोपभर पोचले ते पितळेमुळे. इथल्या कारागिरांची भांडी, समया, दीपवृक्ष आणि चर्चमधली ग्रंथपीठे इतकी नावाजली, की फ्रेंच भाषेत तांब्यापितळेच्या घडीव-ओतीव कामाला ‘दिनाँद्री’ हाच शब्द रूढ झाला. जस्त हा सुटा धातू त्या काळी युरोपातील कारागिरांना ठाऊक नव्हता. म्यूजच्या खोऱ्यात सापडणारे जस्ताचे खनिज ते कुटून भुकटी करत, कोळसा आणि तांब्याच्या तुकड्यांबरोबर बंद मुशीत भरत आणि मूस भट्टीत ठेवत. उष्णतेने सुटलेली जस्ताची वाफ तांब्यात मुरे आणि पितळ तयार होई. तांबे मात्र दुरून, मुख्यतः जर्मनीतून आणावे लागे. त्यामुळे कारागिरांच्या जोडीला इथे व्यापाऱ्यांचाही मोठा वर्ग उभा राहिला. हान्सा या जर्मन व्यापारीसंघाच्या सवलती इंग्लंडमध्ये दिनाँच्या व्यापाऱ्यांनाही मिळत. एवढ्याशा गावाला हा मान मिळावा, ही थोडी गोष्ट नव्हे. दिनाँचा चौदाव्या शतकातला कारागीर जाँ जोसेस याने घडवलेले गरुडाच्या आकाराचे ग्रंथपीठ बेल्जियममधल्याच टोंगरेनच्या चर्चमध्ये आजही आहे.

समोरच्या काठावर, जरा उत्तरेला बुविन्य हे गाव आहे. तिथेही पितळेचाच धंदा होता, पण ते नामूरच्या आणि पुढे बर्गंडीच्या बलाढ्य ड्यूकांच्या सत्तेत. एकच नदी, एकच धंदा आणि दोन धनी, त्यामुळे दोन्ही गावांत पिढ्यान्‌पिढ्या हाडवैर होते. लिएजच्या प्रजेने बर्गंडीच्या पाठिंब्यावर बसलेल्या बिशपाविरुद्ध बंड केले तेव्हा दिनाँकर बंडात सामील झाले. १४६५ मध्ये काही तरुणांनी बुविन्यच्या तटाखाली जाऊन बर्गंडीचा युवराज चार्ल्स याचा पुतळा जाळला आणि त्याच्या आईच्या चारित्र्याबद्दल नको ते बोलले. ऑगस्ट १४६६ मध्ये चार्ल्स तोफा घेऊन आला. गाव पडले, लुटले गेले आणि जाळले गेले. परंपरा सांगते, की ८०० लोकांना पाठीला पाठ लावून जोडीजोडीने बांधले आणि म्यूजमध्ये लोटले. वाचलेले कारागीर पांगले: काही बुविन्यला, काही फ्लांडर्समधल्या मिडलबर्गला. दिनाँ पुन्हा उभे राहिले, पण पितळेच्या बाजारातले पहिले स्थान त्याला परत मिळाले नाही.

पुढची तीन शतके लढाया, वेढे आणि धनीबदल यांत गेली. १५५४ मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्रीच्या सैन्याने दोन्ही गावे लुटली. १६७५ मध्ये चौदाव्या लुईने दिनाँ घेतले आणि सुमारे पाव शतक ताब्यात ठेवले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते फ्रान्समध्ये आणि १८१५ नंतर नेदरलंड्समध्ये गेले. कड्यावरचा आजचा किल्ला डचांच्या काळात, १८१८ ते १८२१ दरम्यान बांधलेला आहे. वर चढायला ४०८ पायऱ्या आहेत. १८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाला, तेव्हापासून दिनाँ त्या देशात आहे.

पहिल्या महायुद्धात हा पूल पुन्हा मोक्याचा ठरला. १५ ऑगस्ट १९१४ रोजी पुलापाशी झालेल्या चकमकीत शार्ल द गोल हा तरुण फ्रेंच लेफ्टनंट, पुढे फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झालेला, पायात गोळी लागून जखमी झाला. आजच्या पुलाला त्याचे नाव आहे. आठवड्याभराने, २३ ऑगस्टला, जर्मन सैन्यातल्या सॅक्सन तुकड्या गावात शिरल्या. पलीकडच्या काठावरून फ्रेंच सैनिक गोळीबार करत होते. नागरिकच खिडक्यांतून गोळ्या झाडत आहेत, असा जर्मन सैनिकांचा समज झाला आणि त्यांनी लोकांना घराघरांतून ओढून काढले. त्शोफेन कुटुंबाच्या बागेच्या भिंतीशी शंभरावर माणसे उभी करून गोळ्या घातल्या. बायार खडकाजवळ बायकामुलेही सुटली नाहीत. गावाची वस्ती सात हजारांच्या आसपास होती, त्यांतले ६७४ जण मारले गेले. म्हणजे जवळपास दहातला एक. सर्वांत लहान बळी तीन आठवड्यांचे बाळ होते. चारशेहून अधिक लोकांना जर्मनीत कासेलला नेऊन कैदेत ठेवले आणि हजाराहून अधिक इमारती जळाल्या. १९३६ मध्ये उभारलेले स्मारक जर्मनांनी १९४० मध्ये पाडून टाकले. जर्मन सरकारच्या वतीने इथे येऊन माफी मागितली गेली ती २००१ मध्ये, म्हणजे ८७ वर्षांनी. गावाने ही माफी मिळेपर्यंत विषय सोडला नाही, हे त्या गावाचे मोठेपण मानले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात मे १९४० मध्ये जर्मन सेनानी रोमेलच्या रणगाडा तुकडीने दिनाँच्या परिसरातच म्यूज ओलांडली. डिसेंबर १९४४ मधल्या आर्देनच्या चढाईत जर्मन सैन्य म्यूजच्या रोखाने निघाले होते. ते जवळच्या फ्वा-नोत्र-दाम गावाजवळ, नदी अवघी काही किलोमीटर उरली असताना अडवले गेले.

आजची साडेतेरा हजारांची वस्ती एकट्या काठावरच्या गावाची नाही. १९७७ च्या पुनर्रचनेनंतर आसपासची अनेक खेडी दिनाँ नगरपालिकेत आहेत आणि तिचे क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे. बरीच माणसे पठारावरच्या खेड्यांत राहतात. एके काळचा वैरी बुविन्य हाही आता दिनाँचाच भाग आहे. नगरपालिकेतल्याच लेफ वस्तीत ११५२ साली स्थापन झालेला मठ आहे. जगभर विकली जाणारी लेफ बिअर त्याचेच नाव लावते, मात्र ती आता मठात बनत नाही. उपजीविकेत पर्यटनाचा वाटा मोठा आहे: नदीतल्या बोटी, किल्ला आणि आन्सरेमला म्यूजला मिळणाऱ्या लेस नदीवरच्या छोट्या होड्या.

सॅक्सोफोनचा जनक आदोल्फ साक्स ६ नोव्हेंबर १८१४ रोजी इथेच जन्मला. तो लहान असतानाच कुटुंब ब्रुसेल्सला गेले आणि वाद्याचे पेटंट त्याने १८४६ मध्ये पॅरिसमध्ये घेतले, तरी धातूला आकार देणाऱ्या या गावाशी त्याची नाळ जोडावीशी वाटते. मुंबईच्या जॅझ आणि चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांनी ज्या वाद्यावर नाव कमावले, ते या माणसाचे. पुलावर आज निरनिराळ्या देशांचे रंग ल्यालेले मोठाले सॅक्सोफोन उभे आहेत. १९५८ चे शांततेचे नोबेल मिळवणारे धर्मगुरू जॉर्ज पीर यांचाही जन्म दिनाँचाच.

गावची खासियत म्हणजे ‘कूक’. गव्हाचे पीठ आणि मध यांखेरीज त्यात काही नसते. घट्ट गोळा कोरीव लाकडी साच्यात दाबतात, त्यावर मासा, फळे, किल्ला असे चित्र उमटते आणि मग तो भाजतात. गार झाला की दगडासारखा होतो. त्याला दात लावायचा नसतो, तुकडा मोडून तोंडात विरघळू द्यायचा.

इथे बोलली जाते ती फ्रेंच, पण तिच्याखाली वालून बोलीचा थर आहे. त्या बोलीत दिनाँकरांचे टोपणनाव आहे ‘कोपेर’, म्हणजे तांबट. भट्ट्या विझून कितीतरी शतके झाली. नाव तेच आहे.