सदाकोच्या रक्तातली दहा वर्षं

हिरोशिमाच्या सदाको सासाकीची गोष्ट बालपुस्तकांतून जगभर पोचली. आजारी मुलगी कागदाचे हजार क्रौंच करायला घेते आणि ते पुरे होण्याआधीच जाते, असं त्यात बहुधा असतं. खरं तर तिने हजारांचा पल्ला ओलांडला होता, असं तिचा भाऊ सांगतो. औषधाच्या पुड्यांचे कागदसुद्धा तिने सोडले नाहीत.

मला मात्र वेगळंच कोडं पडायचं. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. अंगावर जखम नाही. पुढे शाळेच्या रिले शर्यतीत धावायची. मग १९५५ च्या फेब्रुवारीत थेट रक्ताचा कर्करोग?

तिचं घर स्फोटापासून दोन किलोमीटरच्या आत होतं. स्फोटातून सुटलेले गॅमा किरण आणि न्यूट्रॉन कण शरीरात शिरताना कातडीवर खूण ठेवतीलच असं नाही. हाडांच्या पोकळीत, मज्जेत, रक्तपेशी तयार होतात. तिथल्या एखाद्या पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे तुटतात. पेशी ते सांधते, पण घाईत कधीकधी भलतीच टोकं जुळतात. अशी पेशी मेली तर बरंच. जगली, तर चूक तिच्यापासून होणाऱ्या लेकी-नाती पेशींकडे जाते. एका चुकीवर सहसा भागत नाही, आणखी साचाव्या लागतात, आणि त्याला वर्षं लागतात. बॉम्बनंतर दोन-तीन वर्षांत ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे, रुग्ण वाढू लागले, सहा ते आठ वर्षांनी सर्वाधिक झाले. लहानपणी किरण झेललेल्यांना धोका जास्त होता.

अर्थात एकाच रुग्णाकडे बोट दाखवून ‘हा किरणांमुळेच’ असं ठामपणे म्हणता येत नाही. ते कळतं मोठ्या समूहाच्या हिशेबातून, आणि त्यासाठी १९५० पासून सुमारे १,२०,००० लोकांचा मागोवा घेतला जातोय.

तेव्हाच्या औषधांनी थोडे दिवस उतार पडे, इतकंच. आज याच आजाराच्या एका प्रकारातली, लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची, बहुतेक मुलं चांगल्या उपचारांनी बरी होतात.

२५ ऑक्टोबर १९५५ ला, बाराव्या वर्षी, सदाको गेली. नंतर आईवडिलांना एक कागद सापडला. त्यावर तिने स्वतःच्या हाताने, कुणाला न सांगता, आपल्या रक्ततपासणीचे आकडे टिपून ठेवले होते.