अमेरिकेतल्या जुन्या सामान-डब्यांचा माग काढताना

जुना सामान-डबा, म्हणजे प्रवासी गाडीत सामान नेणारा रेल्वेडबा, ओळखताना बाजूला रंगवलेल्या क्रमांकावर सर्वांत कमी भरवसा ठेवावा. डबे मालक बदलत, क्रमांक बदलत आणि उतारवयात रूळदुरुस्तीच्या गाड्यांना जोडले जात. खरी जन्मखूण रंगाखाली असते.

ट्रंका आणि पेट्या नेणे हे या डब्याचे निम्मेच काम. 1839 मध्ये विल्यम हार्नडेन यांनी बॉस्टन ते न्यूयॉर्क पार्सले पोहोचवण्याचा धंदा सुरू केला. पुढे पार्सले आणि टपाल यांनीच हे डबे भरू लागले.

लाकडी डब्याच्या तळाखाली लोखंडी ताणदांडे असत. तळ मध्ये झोल खाऊ लागला की टर्नबकल, म्हणजे दांडा ताणणारी आट्यांची जोडणी, पिळून तो उचलायचा. पोलादी डबे रुळले ते बोगद्यांमुळे. न्यूयॉर्कजवळच्या हडसन नदीखालून 1910 मध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोड या कंपनीच्या गाड्या धावू लागल्या, तेव्हा आगीच्या धोक्यामुळे तिला तिथे लाकूड नको होते.

आत शिरल्यावर आधी पत्र्याचे सांधे पाहावेत. काही डब्यांत वाटेतच टपाल छाटायची खोली असे आणि ती ठरावीक मापाची असे: 15, 30 किंवा 60 फूट. एका टोकापासून 30 फुटांवर आडव्या भिंतीच्या खुणा आणि त्या भागात बुजवलेल्या खिडक्या दिसल्या, तर तिथे टपाल छाटले जात होते असे समजायला हरकत नाही. दाराशेजारी टपालाची थैली धावत्या गाडीतून उचलणाऱ्या आकड्याच्या बोल्टांची भोके सापडली, तर शंकाच उरत नाही. 1967 मध्ये टपालाची बहुतेक कंत्राटे गेली आणि असे कित्येक डबे निव्वळ सामानाचे झाले.

सुमारे 50 फुटांचा, मालडब्यासारखा दिसणारा, पण खिडक्या बुजवलेला डबा भेटला तर तो सैनिकांचा शयनडबा असू शकतो. पुलमन-स्टँडर्ड या डबे बांधणाऱ्या कंपनीने ते दुसऱ्या महायुद्धात, 1943 पासून बांधले; युद्धानंतर रेल्वे कंपन्यांनी घेऊन त्यांचे पार्सल-डबे केले.

चाकांच्या सांगाड्यावर ओतलेली तारीख फसवते. ती सांगाड्याची असते, डब्याची नव्हे, आणि सांगाडे सर्रास बदलले जात.

गंज दारांच्या उंबऱ्याखाली आधी धरतो. बर्फातल्या मासळीचे खारे पाणी फळ्यांखाली मुरत असे. त्यावर नुसते ठिगळ जोडले की ओल दोन पत्र्यांमध्ये अडकते आणि आतला पत्रा खात राहते. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर ठिगळ काढूनच पाहावे.