हातोडा कुठं मारायचा?

२०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. गाडीची मागची चाकं दोन दिवस निम्मी पाण्यात होती. महिन्याभरानं चाळीसच्या वर वेग गेला की मागून घुं घुं यायला लागलं, वेगाबरोबर चढणारं. पाणी कडेच्या रबरी सीलमधून चाकाच्या बेअरिंगमध्ये जाऊन ग्रीसचं पांढरट लोणी झालं होतं.

चाकाचं बेअरिंग काय सोसतं ते बघा. छोट्या गाडीचं चाक कोल्हापूर ते पुणे सव्वा लाखाच्या आसपास फेरे घेतं. ब्रेकच्या ड्रममधल्या निमुळत्या रोलर आणि कपचा (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याचा) स्पर्श म्हणजे केसासारखी एक रेघ. सगळा भार त्या रेघेवर. म्हणून तिथं एका चौरस मिलिमीटरवर शंभर किलोहून जास्त दाब येऊ शकतो. त्यांच्यामध्ये असतो तो तेलाचा, मायक्रॉनहून पातळ पापुद्रा. पाण्यानं तो फाटतो, लोखंड लोखंडाला घासतं आणि पृष्ठभागाचे टवके उडतात.

बेअरिंग बदलायचं काम घरी होतं, पण आधी सपाट जमीन, पुढच्या चाकांना दगड आणि गाडीखाली स्टँड. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. (काही नव्या गाड्यांत अख्खा हबच, म्हणजे चाकाचा मधला गाभा, बदलतात, तिथं पुढचा खटाटोप नाही.)

ड्रम निघाला, जुना कप पंचनं ठोकून बाहेर आला. नवा बसवताना मात्र शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींचं ऐकलं: "मारा की हातोडा, पर रोलरला कळता कामा नये." यातलं शास्त्र पक्कं आहे. कपच्या कडेवर, जुन्या कपचाच आधार घेऊन ठोकलं तर दणका सरळ हबमध्ये जातो. तोच रोलरमधून गेला, तर त्या बारीक रेघेवर कडक पोलादालाही खाच पडते. या खाचांना ब्रिनेलिंग म्हणतात; कडकपणा मोजण्याची पद्धत १९०० मध्ये मांडणाऱ्या स्वीडिश ब्रिनेल यांच्यावरून. डोळ्याला दिसणार नाही अशी खाचसुद्धा नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणायला लावते.

ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या फटींत दाबून भरलं, सील नवं घातलं. ड्रम फिरवत फिरवत नट आवळला, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग सैल करून गाडीच्या पुस्तकात दिलं होतं तेवढाच घट्ट केला. जास्त आवळलं तर बेअरिंग तापून जळतं. नट अडकवून ठेवणारी स्प्लिट पिन नवीच.

सरनोबतवाडीपर्यंत ब्रेक फारसा न वापरता चक्कर मारली आणि उतरून दोन्ही हबना हात लावला. दोन्ही सारखेच कोमट.