फीबी: शनीच्या घराण्यातला परका उपग्रह

शनीच्या उपग्रहांना पूर्वी नुसते क्रमांक होते. नवा उपग्रह सापडला की क्रमांक बदलत आणि जुन्या नोंदी वाचताना घोटाळा होई. १८४७ मध्ये जॉन हर्शेल यांनी यावर तोडगा काढला. शनी म्हणजे ग्रीकांचा क्रोनस, तर त्याच्याभोवती त्याच्याच टायटन, म्हणजे ग्रीक पुराणातल्या आदिदेवांच्या घराण्यातल्या, भावंडांची नावे असावीत. १८९९ मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या विल्यम पिकरिंग यांनी नववा उपग्रह जाहीर केला आणि त्याला क्रोनसच्या बहिणीचे, फीबीचे नाव दिले.

पुराणात फीबी ही आकाशदेव युरेनस आणि पृथ्वीदेवी गाइआ यांची मुलगी, लेटोची आई, म्हणून अपोलो व आर्टेमिस यांची आजी. डेल्फीच्या भविष्यवाणीची गादी गाइआकडून थेमिसकडे, तिच्याकडून फीबीकडे आली आणि फीबीने ती अपोलोला जन्माची भेट म्हणून दिली, असे ग्रीक नाटककार एस्किलसच्या नाटकात तिथली पुजारीण सांगते.

छायाचित्रावरून सापडलेला हा पहिलाच उपग्रह. पेरूतील अरेकिपा इथे २४ इंची ब्रूस दुर्बिणीने ऑगस्ट १८९८ मध्ये छायाचित्रांच्या काचा घेतल्या होत्या. वेगवेगळ्या रात्रींच्या काचा ताडून पाहिल्या, तेव्हा तारे जागच्या जागी होते. एक ठिपका मात्र शनीबरोबर सरकला होता. तो इतका मंद, तेजस्वितेच्या मोजपट्टीवर जेमतेम सोळाव्या प्रतीचा, की अनेकांना १९०४ पर्यंत खात्री वाटेना. त्या वर्षीच्या नव्या काचांनी शंका मिटवली. पुढे १९०५ मध्ये पिकरिंग यांनी थेमिस नावाचा दहावा उपग्रहही जाहीर केला. तो पुन्हा कुणालाच दिसला नाही.

कक्षा मांडल्यावर खरे नवल कळले. फीबी शनीपासून सुमारे १.३ कोटी किमीवर, साधारण ५५० दिवसांत, शनीच्या स्वतःभोवती फिरण्याच्या उलट्या दिशेने फिरते. ग्रहाभोवतीच्या चकतीतून घडलेला उपग्रह सुलट फिरतो. उलट फिरणारा बहुधा बाहेरून येऊन अडकलेला असतो. म्हणजे बहिणीचे नाव मिळालेली फीबी शनीच्या रक्ताची नाहीच. आज तिच्यासारखे उलटे फिरणारे, नामकरण झालेले शनीचे इतर उपग्रह नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या, पुराणातली नावे घेऊन आहेत.

११ जून २००४ रोजी कॅसिनी यान तिच्यापासून २,०६८ किमीवरून गेले. शनीच्या कक्षेत शिरल्यावर इतक्या दूर परतणे शक्य नव्हते, म्हणून ही भेट वाटेतच साधावी लागली. सुमारे २१३ किमी व्यासाच्या या गोळ्यावर जेसन नावाचे विवर तब्बल १०० किमी रुंद आहे.

२००९ मध्ये स्पिट्झर अवकाश दुर्बिणीला फीबीच्या धुळीचे विशाल कडे दिसले. ती धूळही उलटी फिरते आणि हळूहळू आत सरकते. सुलट फिरणाऱ्या आयापेटस या शनीच्या दुसऱ्या उपग्रहाची, म्हणजे पुराणातल्या भावाची, पुढची बाजू त्या धुळीवर आदळून काळवंडते. काळा पृष्ठभाग उन्हाने जास्त तापतो, तिथला बर्फ उडून मागच्या बाजूवर आणि ध्रुवांकडे जमतो. आयापेटसचा एक अर्धगोल कोळशासारखा आणि दुसरा लख्ख दिसतो तो यामुळे.