झाकून ठेवलेला कवी

बेळगावात पुतळ्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो: चौथऱ्यावरची पाटी कुठल्या भाषेत? पुतळा कुणाचा, हे मागं पडतं. साहित्यिकाचा असला तरी तेच. इथला सीमाप्रश्न साहित्याच्या मांडवातूनच तर पुढं आला! ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली १९४६ साली बेळगावात भरलेल्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून आपल्याकडं कवी-लेखकाचं नाव उच्चारलं तरी बाजू विचारली जाते.

म्हणून तमिळ कवी तिरुवळ्ळुवरांच्या बंगळूरमधल्या पुतळ्याची हकिकत आपण मुद्दाम समजून घ्यावी. त्यांचा तिरुक्कुरळ हा ग्रंथ म्हणजे १३३ अध्याय आणि दोन-दोन ओळींचे १३३० कुरळ. त्यांत नीती आहे, संसार आहे, प्रेम आहे. भांडण कुठंच नाही. तरी तिथल्या तमिळ संघानं १९९१ मध्ये अलसूर तलावाजवळ उभारलेल्या पुतळ्याला कन्नड संघटनांनी विरोध केला. कावेरीच्या पाण्यावरून तेव्हा वातावरण तापलेलंच होतं. पुतळा झाकला गेला तो तब्बल १८ वर्षं. जन्मलेलं मूल कॉलेजात जाईपर्यंत कवी तसाच उभा.

वाट निघाली ती देवाणघेवाणीतून. ९ ऑगस्ट २००९ ला कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांच्या उपस्थितीत तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी यांनी बंगळूरचा पुतळा खुला केला आणि चारच दिवसांनी चेन्नईच्या अयनावरमला कन्नड कवी सर्वज्ञाचा पुतळा येडियुरप्पांनी. हा सर्वज्ञ आपल्याला परका नाही. मराठी शाळेत शिकूनही कन्नडच्या तासाला त्याच्या तीन ओळींच्या त्रिपदी आम्ही घोकल्या आहेत.

अशी जोडी आपल्याकडं जुळवायला लांब जावं लागत नाही. धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, कविता कन्नड. १९७३ चं ज्ञानपीठ त्या कवितेला मिळालं, आणि त्याआधी सोलापूरच्या कॉलेजात त्यांनी कितीतरी वर्षं शिकवलं. जी. ए. कुलकर्णी चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. शिक्षण बेळगावात, नोकरी धारवाडात, वर्गात इंग्रजी आणि कथा मराठी. बेंद्रे सोलापुरात आणि जी. ए. बेळगावात उभे राहावेत, असं मला मनापासून वाटतं. दोन्हीकडच्या पाट्या मराठी-कन्नड, अक्षरं सारख्याच आकाराची.